शिक्षकाचे वाचन आणि मराठवाडा

मुलांना वाचनाची गोडी लावणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, हे विधान इतके सर्वसंमत आहे की त्याविषयी कोणी वाद घालीत नाही, आणि म्हणूनच त्याचा कोणी फारसा विचारही करीत नाही. गोडी लावावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, असे विचारले की उत्तर येते ते बहुधा उपदेशाच्या रूपाने. थोरांची चरित्रे वाचा, वर्तमानपत्र वाचा, फावला वेळ दवडू नका! असल्या उपदेशाने एखादा मुलगा वाचू लागल्याचे उदाहरण निदान आमच्या तरी पाहण्यात नाही. मूल वाचू लागते ते दुसऱ्या कोणाला वाचनात गढलेले पाहून. ज्या घरात छापील कागद येतो तो केवळ वाण्याच्या पुडीचा, त्या घरातील मुलाला असे दुसरे माणूस शिक्षकावाचून भेटणे कठीण. तेव्हा विचारावयाचे ते हे की, शिक्षक स्वतः काय वाचीत होता, ते त्याला कोठून मिळत होते, आणि ते मुलाच्या हाती देण्याची त्याला मोकळीक होती काय. पुण्यामुंबईच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरे सहज सापडतात. मराठवाड्यात ती शोधावी लागतात, आणि शोधू लागले की त्या शोधातच त्या प्रांताचा अर्वाचीन इतिहास बराचसा हाती येतो.

बीडहून परळीकडे जाणाऱ्या वाटेवर तेलगाव लागते. एका अंगाला माजलगाव, दुसऱ्या अंगाला धारूर, असे हे चार वाटा मिळण्याचे ठिकाण. येथून धारूरचा घाट चढून बालाघाटच्या पठारावर आले की पुढे अंबाजोगाई. मराठी ग्रंथरचनेच्या अगदी आरंभी ज्यांचे नाव घेतात त्या मुकुंदराजांची समाधी तेथे दाखवितात. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. त्याच्या काळाविषयी व स्थळाविषयी विद्वानांत जो वाद आहे तो येथे बाजूस ठेवू. दासोपंतांविषयी तसा वाद नाही. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ आणि अंबाजोगाई हेच त्यांचे कर्मस्थान. लिहिण्याचा हव्यास किती असावा याचे दासोपंत हे मूर्तिमंत उदाहरण होत. गीतेवरील त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लक्ष ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. आणि एवढ्याने जणू हात शिवशिवायचा राहिला नाही म्हणून की काय, त्यांनी सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा एका कापडाच्या पासोडीवर पंचीकरणाचा विषय ओव्यांतून आणि आकृत्या काढून मांडला. आम्हांस ही पासोडी म्हणजे त्या काळचा एक भव्य शालोपयोगी तक्ताच वाटतो. भिंतीवर पसरावा, छडीने दाखवावे आणि समोर बसलेल्यांना समजावून द्यावे, अशीच तिची घडण आहे.

परंतु एवढे लिखाण ज्या मुलखात झाले तेथे वाचणारे किती होते? वाचन म्हणजे त्या काळी श्रवण. पोथी एकाने सोडावयाची, अर्थ त्याने सांगावयाचा आणि बाकीच्यांनी हात जोडून ऐकावयाचे. या पद्धतीने मराठी भाषा खेड्यापाड्यांतून जिवंत राहिली, हे ऋण मोठे आहे. तथापि ऐकणाऱ्याच्या हाती पोथी कधीच येत नसे, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तर ऐकावयासही दूर बसावे लागे, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे. १९०१ च्या खानेसुमारीत हैदराबाद संस्थानात अक्षरओळख असलेली माणसे शंभरांत तीनच्या आसपास भरली. ज्या प्रांतात मराठीचा पहिला ग्रंथ झाला असे आपण अभिमानाने सांगतो, त्या प्रांताची ही स्थिती होती.

याला राज्यव्यवस्था कितपत कारण झाली? औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते. अंबाजोगाईचे सरकारदरबारी नाव मोमिनाबाद होते. राज्यातील जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, चौथाईच्या थोडी वर मराठी बोलणारी, आणि उर्दू मातृभाषा असलेले लोक दहांत एक. परंतु १८८४ च्या सुमारास राज्यकारभारात फारसीची जागा घेतली ती उर्दूने. खालच्या प्राथमिक वर्गांत मातृभाषेला जागा असे. पुढे गेले की गणित असो, भूगोल असो, सारे उर्दूतून. म्हणजे मुलगा मराठी अक्षरे नुकती जोडू लागला, गोष्टीचे पुस्तक हाती घ्यावे अशा वयाला आला, की नेमक्या त्याच वेळी शाळेतून त्याची भाषा निघून जात असे. येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९१९ साली अध्यापनास प्रारंभ झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकापासून तत्त्वज्ञानापर्यंतचे उच्च शिक्षण एका देशी भाषेतून देऊन दाखविले, आणि त्यासाठी १९१७ साली निघालेल्या भाषांतरखात्याने शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. मराठीतून उच्च शिक्षण अशक्य आहे असे इकडे सांगणारांना ती सणसणीत चपराक होती. देशी भाषेवरील हा विश्वास केवळ एकाच देशी भाषेपुरता राहिला, हे त्या प्रयोगाचे दुर्दैव. आणि ते दुर्दैव भोगले ते तेलुगू, मराठी व कानडी मुलांनी.

शेजारच्या मुलखात याच काळी काय चालले होते ते पाहिले म्हणजे अंतर कळते. पुण्याचे नगर वाचनालय १८४८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ साली ‘निबंधमाला’ काढू लागले तेव्हा सरकारी शाळेतील एक शिक्षकच होते, आणि त्यांच्या लेखनाला लागणारा ग्रंथांचा साठा व वाचणारा वर्ग त्यांच्या भोवती तयार होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डेन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणवून संस्थानभर वाचनालये उघडली, आणि जेथे वाचनालय पोचत नाही तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या. पेटी गावात यावयाची, महिना-दोन महिने राहावयाची आणि मग पुढच्या गावी जावयाची. या पेटीचा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

मराठवाड्यात हे काम राजाने केले नाही, ते प्रजेने केले. परभणीस गणेश वाचनालय १९०१ साली निघाले. त्याच वर्षी हैदराबादेत तेलुगू भाषिकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम निघाले, हा योगायोग लक्षणीय आहे. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींनी हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा काढली. १९२२ साली तेथेच मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. वाचनालय काढणे ही इतरत्र हौसेची किंवा फार तर प्रतिष्ठेची गोष्ट असे. येथे ती संशयाची होती. १९२० नंतरच्या दशकात खाजगी शाळांवर परवानगीची अट आली, आणि गश्ती निशाण ५३ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमाने सभा भरविण्यावर बंधने आली. चार माणसे एकत्र जमून व्याख्यान ऐकणार म्हटले की पोलिसांचा कान टवकारला जाई. अशा स्थितीत वर्तमानपत्र वाचून दाखविणारा शिक्षक काय जोखीम घेत होता, याची कल्पना आज पुस्तकांच्या प्रदर्शनात हिंडणाऱ्यास येणे सोपे नाही.

ज्या शाळांनी ही जोखीम पत्करली त्यांत उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळा अग्रगण्य होती. व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी ती १९२१ साली काढली. आडवळणाचे खेडे, सरकारी मान्यता नाही, अनुदान नाही, मुले व शिक्षक एकत्र राहणारे. १९२९ साली तेथे मुख्याध्यापक म्हणून एक तरुण आला. त्याचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्याचा जन्म १९०३ चा. सोलापुरास राष्ट्रीय शाळेत व पुढे टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्याचे शिक्षण झालेले. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्याने काही काळ काम केलेले. १९३२ साली या मुख्याध्यापकाने स्वामी रामतीर्थांच्या परंपरेत संन्यास घेतला आणि रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. रामतीर्थ हे पूर्वाश्रमी लाहोरास गणिताचे प्राध्यापक. गणिताच्या त्या अध्यापकाची शिष्यपरंपरा हिप्परग्याच्या एका शिक्षकापर्यंत यावी, ही गोष्ट आम्हांस मोठी मनोरम वाटते. संन्यासी झाल्यावर माणसे सामान्यतः शाळा सोडतात. यांनी भगवी वस्त्रे घातली आणि वर्गावर गेले.

१९३५ साली स्वामीजी हिप्परगे सोडून अंबाजोगाईस आले. त्यांच्याबरोबर बाबासाहेब परांजपे आदी सहकारीही. योगेश्वरी शिक्षणसंस्थेची १९१७ पासून चालत आलेली शाळा तेथे होती. तिला त्यांनी जे रूप दिले त्याने बीड जिल्ह्याचे चित्रच पालटले. अवघी तीन वर्षे ते तेथे शिकवीत होते. १९३८ साली सत्याग्रहात पडले आणि वर्गाला कायमचे मुकले. परंतु तीन वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. जी मुले सरकारी शाळेतून बाहेर पडली असती ती कारकून होऊन बाहेर पडली असती. येथून ती जगात काय चालले आहे ते विचारीत बाहेर पडली. ज्याच्या तोंडी इटली आणि आयर्लंडचा इतिहास आहे, जो कामगारांचे प्रश्न जवळून पाहून आला आहे आणि तरीही आपल्याबरोबर भाकरी खातो, असा शिक्षक मुलांनी पूर्वी पाहिला नव्हता. पुढे मुक्तिसंग्रामात या भागातून जी तरुण मंडळी उभी राहिली त्यांत शिक्षक आणि विद्यार्थी यांची संख्या एवढी का, याचे उत्तर येथे आहे. परांजपे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बीडमधून लोकसभेवर गेले. शिक्षक निवडून येतो तेव्हा मते बहुधा जुन्या विद्यार्थ्यांच्या घरांतून पडलेली असतात.

अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, खानदेशात, याच सुमारास दुसरा एक शिक्षक असाच काही उद्योग करीत होता. त्याचे येथे स्मरण करण्याचे कारण, त्याच्या पद्धतीचा तपशील आपणांस उपलब्ध आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले व छात्रालयाचे काम पाहू लागले. तत्पूर्वी ते तेथील तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासक होते, म्हणजे वाचनासाठीच त्या गावी आलेले. छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ चालविले. दैनिक म्हणजे छापील नव्हे. गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहून काढलेले. आदल्या दिवशी जे वाचले त्यातले मुलांना रुचेल, पचेल ते त्यात उतरावयाचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे. रोज काही तरी लिहावयाचे म्हणजे रोज काही तरी वाचलेच पाहिजे, हा नियम त्यांनी मुलांना घातला नाही, स्वतःला घालून घेतला. मुलांना त्यांनी फक्त फळ दिले. १९३० साली ते सत्याग्रहात गेले आणि छात्रालय सुटले. टॉलस्टॉयच्या कलाविषयक ग्रंथाचे ‘कला म्हणजे काय?’ हे भाषांतर ज्याने पुढे केले त्याच्या लेखणीची तालीम, आमच्या मते, त्या हस्तलिखित कागदांवर झाली होती.

मराठवाड्याकडे परत येऊ. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, आणि १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. या महाविद्यालयात पुढे जो शिक्षक आला त्याच्यावाचून मराठवाड्यातील वाचनाची हकीकत पुरी होत नाही. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, परभणी जिल्ह्यातील त्या वेळच्या नांदापूरचा. मामा नारायण गोविंद नांदापूरकर हे उस्मानियात मराठीचे प्राध्यापक; मुक्तेश्वर व मोरोपंत यांच्या भारतांची तुलना करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. भाचा शिकावयास हैदराबादेस गेला तो या मामांच्या सावलीत. ग्रंथांचा तोटा नव्हता, वाचणाऱ्याच्या भुकेला अंत नव्हता, आणि परिणाम व्हावयाचा तोच झाला. इंटरची परीक्षा त्यांना वारंवार हुलकावणी देत राहिली. नेमलेली पुस्तके सोडून बाकी सर्व वाचणाऱ्याला परीक्षक क्षमा करीत नाहीत. १९५५ साली ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. पदव्या मागाहून आल्या, मग पीपल्स कॉलेजात अध्यापक आणि अखेर प्राचार्य.

या माणसाच्या वाचनाची व्याप्ती सांगू लागले की ऐकणाऱ्यास अतिशयोक्ती वाटते. भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, मार्क्स, गांधी, शिवकालीन कागदपत्रे, संगीत, इस्लामी राजकारणाचा इतिहास. ‘श्रीमान योगी’ या रणजित देसाई यांच्या कादंबरीला प्रस्तावना म्हणून छापलेले त्यांचे पत्र पुष्कळांनी वाचले असेल. कादंबरीपेक्षा ते पत्रच अधिक वेळा वाचणारे लोक आम्हांस माहीत आहेत. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, एवढा वाचणारा माणूस पुण्यामुंबईस गेला नाही. नांदेडास राहिला, आणि बोलावतील त्या गावी व्याख्यानास गेला. मराठवाड्यात ज्याला ग्रंथ विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि ज्याच्या तालुक्याला धड वाचनालय नव्हते, त्याला ते ग्रंथ कुरुंदकरांच्या मुखाने मिळाले. पोथी सोडणाऱ्या जुन्या पुराणिकाचे काम त्यांनी केले असे म्हणावे तर एक मोठा फरक आहे. पुराणिक शंका आवडीने घेत नसे. कुरुंदकर ऐकणाऱ्याला आपल्याशी भांडावयास लावीत आणि भांडावयाचे तर मूळ ग्रंथ पाहून या, असे त्याचे पर्यवसान होई. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेस व्यासपीठावरच ते कोसळले व गेले. वय पन्नाशीच्याही आत.

ज्यांना पूर्वी पोथी ऐकावयासही दूर बसविले होते त्यांची हकीकत याहून निराळी आहे, आणि अधिक वेगाची. सिडनेहॅम महाविद्यालयात १९१८ साली प्राध्यापक झालेल्या, आणि पुढे ग्रंथांना जागा हवी म्हणून मुंबईस ‘राजगृह’ बांधणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नवे महाविद्यालय काढण्यासाठी स्थळ निवडले ते औरंगाबाद. १९५० साली निघालेल्या या मिलिंद महाविद्यालयात व नागसेनवनातील वसतिगृहांत मराठवाड्यातील खेड्याखेड्यांतून मुले आली. घरात वाचणारी ही पहिली पिढी. तिला शिकविणाऱ्यांत गंगाधर पानतावणे होते, आणि ‘अस्मितादर्श’ या त्रैमासिकाचे तेच संपादक. वाचणारा विद्यार्थी एका पिढीच्या आत लिहिणारा झाला आणि त्याने जे लिहिले त्याने मराठी वाङ्मयाची बैठकच बदलली. साडेसातशे वर्षांच्या मराठी ग्रंथपरंपरेला जे उमगले नव्हते ते एका वसतिगृहाने पंचवीस वर्षांत केले, असे म्हणण्यात आम्हांस अतिशयोक्ती वाटत नाही.

कायद्यांचा उल्लेख थोडक्यात करून पुढे जाऊ. हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा १९५५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. गावोगाव वाचनालयांना अनुदान मिळू लागले. अनुदान आले म्हणजे फलक येतो, कपाट येते. कपाटाची किल्ली कोणाकडे असते हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता तेलगावकडे पाहावयाचे ते यासाठी की, भाषेची अडचण संपल्यावर या भागात दुसरीच एक अडचण उभी राहिली. सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, ऊस आला, आणि तेलगावास सहकारी साखर कारखाना उभा आहे. तथापि धारूर, केज, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे पोट त्या एका कारखान्यावर भरत नाही. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, आणि नवराबायकोचा मिळून एक कोयता धरून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात तोडीला जावयाचे, हा बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसांचा क्रम आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात. परत येणे ते उन्हाळ्याच्या तोंडी. मूल लहान असेल तर बरोबर जाते आणि फडाच्या कडेला खोपीत राहते. मोठे असेल तर तेही पाचट ओढू लागते, निदान धाकट्याला सांभाळते. साखरशाळा निघाल्या, आईबाप तोडीला गेलेल्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे निघाली; त्यांनी पुष्कळ मुले शाळेत टिकविली हे खरेच आहे. परंतु वाचनाची सवय म्हणजे पटावरील हजेरी नव्हे. ज्या मुलाने आषाढ-श्रावणात एखाद्या गुरुजींच्या पुस्तकात डोके घातले, त्याच्या हातून ते पुस्तक कार्तिकात सुटते, आणि पुन्हा चैत्रात हाती येते तेव्हा गुरुजी बदलून गेलेले असावेत, असे होऊ नये तर काय करावे?

निजामाच्या काळी मुलगा होता तेथेच राही आणि त्याची भाषा शाळेतून निघून जाई. आता भाषा शाळेत बसून राहते आणि मुलगा निघून जातो. पहिल्या अडचणीला हिप्परग्याच्या व अंबाजोगाईच्या शिक्षकांनी आपल्या परीने उत्तर दिले. दुसरीला बडोद्याची ती पेटी जवळचे उत्तर वाटते. गाव स्थिर आणि पेटी फिरती अशी सयाजीरावांची योजना होती. येथे गावच फिरते आहे. तेव्हा पेटीही त्याच्याबरोबर गाडीत चढली पाहिजे. ती खोपीत कोण उघडणार, असा आक्षेप येईल. अमळनेरच्या छात्रालयात कपाट नव्हते, एक हस्तलिखित कागद होता. आणि खोपीतील दहा-बारा वर्षांची एखादी मुलगी, जी दुपारभर धाकट्यांना सांभाळते, तिला वाचता येत असेल तर ती त्यांना वाचून दाखवील. तिला वाचता यावे एवढे काम मात्र जूनपासून दिवाळीपर्यंत तेलगावच्या, धारूरच्या, वडवणीच्या शिक्षकालाच उरकावे लागते. शाळेचे दुसरे सत्र सुरू होते ते दिवाळीनंतर, आणि कारखान्यांची धुराडी पेटतात तीही त्याच पंधरवड्यात.